परसातली ओल

बोर्ली पंचतन
६ सप्टेंबर २०२३

जने,

सलाम. फोन करायचा सोडून कागद घेऊन बसले म्हणून हसशील. पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलता येत नाही. मी फोन कानाला लावला की राहीलचे अब्बा समोर येऊन उभे राहतात. "कोण आहे? कोण बोलतंय?" सांगितलं तरी परत विचारतात. शेवटी मीच फोन ठेवते. शाळेत आपण एका बाकावर बसून अक्षर गिरवलं, ते या वयात कामाला येतंय.

त्यांचं विसरणं वाढलंय. मुंबईच्या डॉक्टरनी सांगितलंच होतं की हे मागे फिरणारं दुखणं नाही. अजून माझं नाव तोंडात येतं. नमाजला उभे राहतात, मधेच कुठवर आलो ते विसरतात आणि तसेच उभे राहतात.

लिहायचं कारण आमचं परसू. निसर्ग वादळात सुपारीची वाडी आडवी झाली ते तू बघून गेली होतीस. तेव्हापासून ती जमीन पाणी पीतच नाही. वरच्या अंगाचा प्लॉट कोणी मुंबईवाल्याने घेतला, लाल मातीचा भराव टाकला, त्याचं सगळं पाणी आमच्याकडे उतरतं. पाऊस थांबून आठवडा झाला तरी घोट्याएवढा चिखल. आणि यांना रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर परसात जायचं असतं. बहरीनहून कायमचे परत आले तेव्हापासूनची सवय. एकेका झाडाला हात लावत टोकाच्या वहाळापर्यंत जायचं, परत यायचं, मग चहा. आता झाडं नाहीत, पण पाय जातातच. गेल्या आठवड्यात मी अंघोळीला गेले आणि हे घसरून पडले. मी बाहेर येईपर्यंत चिखलात बसून होते. हाक मारायचंही त्यांना सुचलं नाही.

राहील शारजाहून म्हणतो, सगळं सिमेंट करून टाकू. त्याने अलिबागच्या एका लॅण्डस्केपिंगवाल्याला विचारलं. त्याने रंगीत चित्रं पाठवलीत, हिरवळ, पेव्हर ब्लॉक, दिवे, मधोमध कारंजं. तेवढ्या खर्चात आमच्याकडे निकाह होतो, वलीम्याच्या जेवणासकट. मला कारंजं नको. यांचा पाय टेकेल एवढी सुकी जमीन पाहिजे. तुझा जन्म भातशेतीत गेला. थोडक्या खर्चात काय करता येईल ते लिही.

तुझी
मुनिरा

---

तळा
१५ सप्टेंबर

मुनी,

पत्र मिळालं. पोस्टमनला वाटलं कोर्टाचं काय आलं म्हणून तो हातात देऊन उभाच राहिला. मी बरी हाय. लेकाने, स्वप्निलने कानाचं यंत्र आणून दिलं, त्यात नुसती शिट्टी वाजते. डब्यात ठेवून दिलं. सून तेजस्वी पाटीवर लिहून दाखवते, त्यावर घर चालतं.

भावोजींचं वाचून जेवण गेलं न्हाय. किती चालायचे ते. तुमच्या लग्नात दिघीपासून घरापर्यंत चालत आले होते, गाडी बंद पडली म्हणून.

परसाचं सांगते. सिमेंट करू नको. पाणी यायचं थांबणार न्हाय, ते मग तुझ्या जोत्याखाली शिरेल. वरच्या कुंपणाच्या कडेने आडवा चर मार, गुडघाभर खोल, उतार वहाळाकडे. उघडा ठेवू नको, भावोजींचा पाय जाईल. त्यात डबर आणि फुटकी कौलं भर. पाणी खालून जातं आणि वरून माणूस चालतो. वादळात फुटलेली कौलं तू कोपऱ्यात रचून ठेवली होतीस, ती टाकली नसशील तर तीच चालतील. चरातली माती मधे टाकून पायवाट उंच कर, आमच्या बांधासारखी. कडेला वाळा लाव, तो माती धरून ठेवतो. जिथे फारच ओल हाय तिथे केळी, अळू, कर्दळ. सगळी जागा सुकवायच्या मागे लागू नको, ती सुकायची न्हाय. अर्धी झाडांना देऊन टाक.

खोदायला आमच्या वाडीतला सदा येईल. पण आता भात पोटरीला आलंय. कापणी आणि दिवाळी झाली की मी त्याला घेऊन येते.

एक विचारते. तू अंघोळीला जातेस, चुलीपाशी असतेस, तेव्हा भावोजींना कोण बघतं? ते तू लिहिलं न्हायस.

जनी

---

बोर्ली पंचतन
२८ सप्टेंबर

जने,

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते.

मी मागच्या दाराला कुलूप लावते. आधी नुसती कडी लावायचे, ती ते काढायला लागले. गणपतीच्या आधी एकदा वहाळापर्यंत गेले आणि त्या दिवशी खाडीला मोठी भरती होती, वहाळ तुडुंब. कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. शेजारच्या मुआजने बघितलं म्हणून. त्या दिवशी मी बाजारातून कुलूप आणलं.

फजर झाली की ते दारापाशी जातात आणि वाजवतात. जोरात नाही. पाहुणा वाजवतो तसं, बोटांनी, थांबून थांबून. पहिल्या दिवशी मला वाटलं बाहेर जायचंय म्हणून वाजवतात. मग ते बोलायला लागले. "मुनिरा, दार उघड. मी आलोय." त्यांना वाटतं ते बाहेर आहेत आणि मी आत. "भिजलो ना गं, उघड." मी त्यांच्या मागे उभी राहून म्हणते, मी इथे आहे. वळून बघतात, हसतात आणि परत दाराकडे तोंड करून मला हाक मारतात.

हे तासभर चालतं. मग थकून खुर्चीत बसतात. मी राहीलला यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं अब्बा फक्त विसरतात.

म्हणून मला ते परसू सुकं पाहिजे. वाट झाली, हाताला धरायला काही झालं तर मला ते दार उघडता येईल. त्यांच्याने अजून चालवतंय तोवर.

मुनिरा

---

तळा
६ ऑक्टोबर

मुनी,

तुझं पत्र तेजस्वीला वाचायला दिलं न्हाय. मीच दोनदा वाचलं.

मला पटलं न्हाय. आपल्याच घरात माणसाला कुलूप लावायचं म्हणजे काय? ज्याने वीस वर्षं परक्या मुलखात क्रेन चालवून ते घर बांधलं त्याला? कुलूप काढ. चिखल असला तर असला. हात धरून ने. पडतील तर पडतील, माणूस पडल्याने मरत न्हाय. दार वाजवून वाजवून जीव जाईल त्यांचा.

कापणीला सुरुवात झाली. जास्त लिहीत न्हाय.

जनी

---

बोर्ली पंचतन
१२ ऑक्टोबर

जनी,

पत्र मिळालं. "पडतील तर पडतील" हे बांधावर उभं राहून लिहायला सोपं आहे. पडल्यावर उचलायचं मला आहे. त्यांची उंची तुला माहीत आहे आणि माझी कंबर तुला माहीत नाही. परवा त्यांना न्हाणीतून उठवताना माझ्या हातातल्या काकणाने त्यांच्या कपाळाला खोक पडली. काकणं काढून ठेवली.

सदाला आणायची तसदी घेऊ नकोस. माझं मी बघते.

मुनिरा

---

तळा
२७ नोव्हेंबर

मुनी,

तू बोलावलं नव्हतंस तरी आले आणि चार दिवस राहून गेले. तुझ्याकडे असताना तोंडाने बोलता आलं न्हाय. मला मोठ्याने बोलायची सवय लागलीय, भावोजींनी ऐकलं असतं. म्हणून घरी येऊन लिहिते.

मी टेम्पोतून उतरले, मागे सदा कुदळ-फावडं घेऊन. तू दारात उभी. आत ये म्हणाली न्हायस आणि जा पण म्हणाली न्हायस. माझ्या हातातली वाळ्याची रोपं घेतलीस आणि आत गेलीस. तेव्हा मला कळलं की राहायला हरकत न्हाय.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली. तू जानमाजवर नमाज पढत होतीस. भावोजी मागच्या दारापाशी उभे. मला ऐकू तर काही येत न्हाय. त्यांची बोटं हलताना दिसली आणि ओठ. मी जवळ गेले आणि दाराला तळवा टेकवला. मुनी, ते माझ्या हातात आलं. एक, मग थांबून दुसरं. लाकडातून येत होतं. मी हात काढला न्हाय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कोण ते त्यांना कळलं न्हाय, पण त्यांनी आपलं वाजवणं चालू ठेवलं, जसं काही आम्ही दोघं मिळून कोणाला तरी उठवतोय. तेवढा वेळ मी तिथे उभी राहिले आणि मी तुला जे लिहिलं होतं त्याची मला लाज वाटली. तू हे रोज ऐकतेस. वर त्यांना खिमट भरवतेस आणि त्यांची दाढी करतेस.

कुलूप तू लावलंस ते बरोबर केलंस. मी चुकीचं लिहिलं.

आता कामाचं. वरच्या अंगाचा चर चांगला झालाय. पण मला वाटलं होतं सगळं पाणी भरावाचं, तसं न्हाय. निम्मा चिखल तुझ्या मोरीचाच होता. नळी जोत्याजवळ फुटली होती, बारा महिने तिथेच मुरत होतं. सदाने नवी नळी घालून पाणी केळींच्या आळ्यात सोडलंय. ती नळी महिन्यातून एकदा काढून साफ कर, न्हायतर परत तेच. पायवाटेवर माती बसू दे, घाईने चिरे मांडू नको. पंधरा दिवसांनी मांड आणि फटीत बारीक खडी भर. वाळू नको, वाळू पावसात वाहून जाते. चिरे खडबडीत बाजूने वर ठेव. पावसाळ्यात शेवाळ धरलं तर चुना टाकून घासायचं. बांबूचा कठडा मुआज करून देतो म्हणाला, त्याच्या मागे लाग.

सदाने मजुरी घेतली न्हाय म्हणून तू वाईट वाटून घेऊ नको. त्याच्या बापाला पण हेच होतं.

जनी

---

बोर्ली पंचतन
२२ डिसेंबर

जने,

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही श्रीवर्धनला दवाखान्यात होतो. यांना ताप आला, छातीत कफ झाला. सलाईन लावलं की उपटून काढायचे. हात बांधावे लागले. राहील आठवड्याची सुट्टी काढून आला. बापाचे बांधलेले हात त्याने बघितले. रात्री व्हरांड्यात माझ्याजवळ बसून म्हणाला, "अम्मी, तू मला का सांगितलं नाहीस?" तू तिथे राहून काय करणार होतास, असं म्हटलं.

अल्लाहचा शुक्र, घरी आलो. परसू मी परत आल्यावर बघितलं आणि मला ओळखूच आलं नाही. राहील आणि मुआजने मिळून चिरे मांडले, खडी भरली, कठडा केला. राहीलने सिमेंटचं नाव काढलं नाही. वाटेवर मी चप्पल घालून चालले, पाणी नाही, बुळबुळीत नाही. तुझा वाळा लागलाय. केळींना नवं पान आलंय. अळू तर एवढं माजलंय की मी शेजारी वाटते. एवढ्याशा खर्चात झालं की त्या अलिबागवाल्याचं कारंजंही आलं नसतं.

मी कुलूप काढलं. दार सताड उघडं ठेवलं. आणि जने, हे गेलेच नाहीत. दवाखान्यातून आल्यापासून दाराकडे बघतही नाहीत. खुर्ची भिंतीकडे करून बसतात. फजरला मी वाट बघते. बोटांचा आवाज येत नाही. इतके महिने मला तो आवाज सहन व्हायचा नाही आणि आता मी पहाटे कान लावून बसते. उशीर झाला का आम्हांला?

मुनिरा

---

तळा
३० डिसेंबर

मुनी,

उशीर झाला की न्हाय ते मला माहीत न्हाय. खोटं कशाला लिहू.

एवढं कर. त्यांना चल म्हणू नको, हाताला धरून ओढू नको. सकाळी दार उघड आणि तूच बाहेर जाऊन बस. तिथे काहीतरी काम कर, तांदूळ निवड, कपडे वाळत घाल. त्यांना कळलं पाहिजे की तिकडे कोणीतरी हाय. बाहेर कोणी नसेल तर माणूस कशाला जाईल?

अंगात स्वेटर घालत जा त्यांना.

जनी

---

बोर्ली पंचतन
२४ जानेवारी २०२४

जने,

ते आले.

तू लिहिलंस तसं मी रोज बाहेर बसत होते. तीन आठवडे काही नाही. परवा मी केळीच्या बाजूला बसून वाल सोलत होते आणि मागे खडी वाजली. बघते तर हे. पायात चप्पल, डोक्यावर टोपी, एक हात कठड्यावर. सरळ चालत आले. माझ्याजवळून पुढे गेले, वहाळाच्या टोकापर्यंत. मी उठले नाही. तिथे बराच वेळ उभे राहिले. मग वळून परत आले आणि माझ्यासमोर थांबले. सलाम केला.

म्हणाले, "बाई, जागा चांगली राखलीत तुम्ही. आमच्याकडे पण वाडी आहे, सुपारीची. पण वाट एवढी चांगली नाही."

मी सलामचं उत्तर दिलं. म्हटलं, "बसा ना. चहा घेऊन जा."

"घेतला असता," म्हणाले, "पण घरी मुनिरा थांबली असेल. ती माझ्याशिवाय चहा घेत नाही."

जने, मी एक वाल सोलला. मग म्हटलं, "तिला मी निरोप पाठवते. तुम्ही दमलात, बसा." तेव्हा बसले. मी आतून दोन कप आणले. फुंकर मारून प्यायले. म्हणाले, "तुमचे मालक कुठे असतात?"

मी म्हटलं, "बाहेरगावी आहेत. येतील."

"गल्फमध्ये असतील तर सुट्टी मिळायला वेळ लागतो," म्हणाले. "पण येतात. मी पण आलो ना."

त्यानंतर ते तिच्याबद्दल बोलत राहिले. मुनिराच्या हाताला चव आहे, मुनिरा रागावली तर बोलत नाही, नुसती भांडी आपटते, मुनिराला पत्र लिहायला शिकवायला लागलं नाही, ती शाळेत गेलेली आहे. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांनी माझ्यासमोर माझं कधी एवढं कौतुक केलं नव्हतं. मी "हो का" म्हणत वाल सोलत राहिले.

जाताना म्हणाले, "तिला एकदा घेऊन येतो तुमच्याकडे. तिला आवडेल." आणि माझ्याच दारातून आत गेले.

काल पण आले. आज पण. रोज मी त्यांची शेजारीण असते. घरात माझं नाव आता घेत नाहीत, पण इथे घेतात.

मुनिरा

---

तळा
२८ फेब्रुवारी

मुनी,

मुआजचा फोन तेजस्वीने घेतला. तिने पाटीवर लिहिलं, मी वाचलं आणि तशीच निघाले, पण इंदापूरला गाडी मिळाली न्हाय. पोचले तोवर सगळी कबरस्तानातून परत येत होती. भावोजींचं तोंड बघायचं राहिलं. तुझ्याजवळ बसले, पण एवढ्या बायकांत मला कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं. नुसता तुझा हात धरून बसले आणि आले.

झोपेत गेले हे एक बरं झालं. आदल्या दिवशी चहा घेऊन गेले होते असं तू म्हणालीस, एवढं मी तुझ्या ओठांवरून वाचलं.

गाडीत एक बाई भेटली, तिने कागदावर लिहून दाखवलं की तुमच्यात नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं न्हाय. खरं का? एवढे दिवस चार भिंतींत तू कशी काढशील? जेवतेस का? मी कधी यायचं ते सांग. बाईमाणूस आलं तर चालत असेल ना?

जनी

---

बोर्ली पंचतन
१६ मार्च

जने,

रमजान सुरू झालाय. आज पाचवा रोजा.

खरं आहे, मी इद्दतीत आहे. बाजार नाही, लग्नकार्य नाही, दवाखान्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायचं नाही. राहील दफनाला पोचला, दहा दिवस राहून परत गेला. त्याला तुझ्यासारखीच काळजी होती, अम्मी भिंतीत कशी राहील. त्याने मौलवींना जाऊन विचारलं. ते म्हणाले, परसू घराचंच आहे. कुंपणाच्या आत आई फिरली तर काही हरकत नाही.

तर मी फिरते. त्यांच्यासाठी केलं आणि त्यांना जेमतेम महिना मिळाला. आता ते माझ्या वाटणीला आलंय. बायका भेटायला येतात, आत बसून कुराण वाचतात, मग मी त्यांना मागे नेऊन बसवते. केळीला नवे कोंब फुटलेत. मोरीची नळी मी परवा काढून साफ केली. चराच्या वरती गवत उगवलंय, खाली पाणी जातं हे कोणाला सांगूनही पटत नाही.

एक सांगायचं होतं. या घरात एवढी वर्षं काढली, पण पहाटे परसाच्या टोकापर्यंत मी कधी गेले नव्हते. त्या वेळी मी चुलीपाशी असायचे. आता सहेरीचं खाणं झालं, फजर झाली की स्वयंपाकघराचा दिवा तसाच ठेवून मी बाहेर पडते. कठड्याला हात लावत वहाळापर्यंत जाते. ते तिथे उभे राहायचे, इतका वेळ काय बघतात म्हणून मला वाटायचं. खाडी, भरतीचं पाणी, बगळे असं काहीतरी.

तिथून यातलं काही दिसत नाही, जने. वहाळ वळतो आणि मधे खारफुटी येते. वळून मागे बघितलं की आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. बाहेर काळोख असतो आणि आत दिवा, त्यामुळे चूल, ओटा, चहाचं पातेलं सगळं स्वच्छ दिसतं. आत जे कोणी काम करत असेल ते पूर्ण दिसेल.

आता आत कोणी नसतं. तरी मी उजाडेपर्यंत उभी राहते आणि मग घरात येते.

ईदनंतर ये. बाईमाणसाला चालतं.

तुझी
मुनिरा